फेसपॅक तुझा, फोटो कुणाचा?

पत्र

ताई, मी नाशिकला सिडकोत राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शंभर रुपयांच्या आत मिळणारे फेस मास्क स्वतः वापरायचे आणि त्यावर मराठीत लिहायचं, असं इन्स्टाग्राम पेज सुरू केलंय. दर दोन दिवसांनी नवा मास्क टाकायचा असं ठरवलं होतं. आता गालांची आग होतेय, बारीक पुरळ आलंय. शेवटचा लिंबू आणि खायच्या सोड्याचा लावला होता. 'रिझल्ट' दाखवायला मी गूगलवरून घेतलेले मॉडेलचे फोटो लावते. आता भर म्हणजे त्यातल्या एका फोटोवर परदेशातल्या फोटोग्राफरचा मेसेज आलाय : फोटो माझा आहे, काढून टाका नाहीतर पैसे द्या. मैत्रीण म्हणते, खाली क्रेडिट टाक, विषय संपला. फुकटचे फोटो नेमके घ्यायचे कुठून? शिवाय एक छोटी कंपनी मास्कचा बॉक्स फुकट पाठवते म्हणतेय, 'फक्त छान लिहा'. आणि आईचं एकच पालुपद : बेसन-हळद सोडून हे काय धंदे! — काकडीवाली

उत्तर

काकडीवाले,

आधी चेहऱ्याचं बघू. फोटोवाल्याला उत्तर आजच द्यायचंय, पण ते पाच मिनिटांचं काम आहे.

लिंबू-सोड्याची जोडी तुला कुणी सुचवली ते तू लिहिलं नाहीस. रील्सवर ती सारखी दिसते, तिथूनच आली असणार. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण साडेचार ते साडेपाच. लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास असतो, आणि सोडा पाण्यात कालवला की आठच्या वर जातो. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा लिंबाचा रस त्वचेच्या मानाने किती तिखट पडतो याचा हिशेब कॉमर्सवालीला सांगायला नको. दोन्ही एकत्र केलं की फसफसतं, व्हिडिओत मस्त दिसतं. पण वाटीत शेवटी आम्ल उरलं की सोडा, हे करणाऱ्यालाही माहीत नसतं. त्वचेवरचं संरक्षक आवरण त्यात उसवतं आणि मग साधं पाणीसुद्धा झोंबायला लागतं. तुझी आग ती हीच असण्याची शक्यता जास्त.

लिंबाची आणखी एक खोड आहे. आपल्या कागदी लिंबात अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन लागलं तर लाल चट्टे उठतात, कधी फोड येतात, आणि नंतर काळपट डाग महिनोन्‌महिने रेंगाळतात. सकाळी लिंबाचा पॅक धुऊन स्कूटीवरून कॉलेज रोडला जाणाऱ्या मुलीला हे सांगायलाच हवं. लिंबू सरबतात घाल, पोह्यांवर पिळ, चेहऱ्यावर नको. गोरं व्हायला म्हणून तर मुळीच नको.

आता दोन आठवडे एकही मास्क लावू नकोस. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, बस्स. पुरळ पसरलं, सूज आली, पाणी सुटायला लागलं किंवा आठवड्यात उतार पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. खाजगीत जमणार नसेल तर त्र्यंबक रोडला सिव्हिल आहेच. मेडिकलवाल्याला चेहरा दाखवून 'एखादी ट्यूब द्या' मात्र म्हणू नकोस. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत चेहरा तुकतुकीत होतो, बंद केलं की दुपटीने फुलतो, आणि लावत राहिलं तर त्वचा पातळ होते. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध कित्येक वर्षं ओरडत होते, तेव्हा कुठे २०१८ मध्ये अशी बरीच क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने मनाई केली. तरी विकली जातात.

दोन आठवड्यांनंतर काय? पेज चालू ठेव, वेग मात्र बदल. दर दोन दिवसांनी नवा मास्क लावलास आणि पुरळ आलं, तर ते कुणामुळे आलं हे तुलाच कळणार नाही. मग वाचकांना सांगणार काय? एक मास्क घे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडासा लावून एक-दोन दिवस वाट बघ. काही झालं नाही तर आठवड्यातून एकदा, असे दोन-तीनदा लाव, मगच लिही. महिन्यात दोनच मास्क होतील, होऊ देत. मधल्या दिवसांत किमतीबद्दल लिही, वेष्टनावर काय छापलंय त्याबद्दल लिही. त्या पोस्टना लोक जास्त सेव्ह करतात असं माझं निरीक्षण आहे.

शंभराच्या आतल्यांमध्ये मुलतानी मातीचा नंबर पहिला. मेन रोड-भद्रकालीकडे काष्ठौषधीच्या दुकानात सुटी मिळते, किराणा दुकानात पाकिटात. तेलकट त्वचेला ही माती चालते, कारण ती तेल शोषून घेते. फक्त ती पूर्ण वाळू द्यायची असते हा गैरसमज डोक्यातून काढ. लावल्यावर आरशात बघ : ओली असताना गडद, मातकट दिसते, मग गालांच्या कडांपासून फिकी पडायला लागते. नाकाच्या बाजूची आणि हनुवटीवरची सगळ्यात शेवटी फिकी होते. गालांवर फिका रंग चढला पण बोट लावल्यावर अजून गार, किंचित चिकट लागतेय, तेव्हाच धुवायची. तोंड हलवलं की तडे जातात तिथवर थांबलीस तर माती तेलाबरोबर त्वचेतलं पाणीही ओढते. धुताना कोरडी खरवडायची नाही, आधी ओल्या हातांनी भिजवायची. आणि नाशिकची थंडी विसरू नकोस. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा इथेही ओठ फुटतात. त्या दिवसांत माती बंद, नाहीतर दुधात किंवा मधात कालवून आणि वेळ निम्मा करून.

शीट मास्क म्हणजे सीरममध्ये भिजवलेला कागदी किंवा कापडी तुकडा. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि ओलसर असतानाच काढायचा. रात्रभर ठेवून झोपायचं नाही. पाकिटात उरलेलं सीरम मान आणि हातांना. चेहरा त्या संध्याकाळी छान भरलेला दिसतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिल्यासारखा. लग्नाला जायच्या आधी ठीक आहे, मुरुमांवरचा इलाज म्हणून नाही. तू खर्चाबद्दल लिहितेस म्हणून सांगते, किंमत पाकिटाची लिहू नकोस, एका वेळेची लिही. नव्वद रुपयांचा शीट मास्क एकदाच लागतो. अडीचशेची शंभर ग्रॅमची ट्यूब एका वेळी दहा ग्रॅम धरली तर पंचवीस रुपयांना पडते. चाळीस रुपयांचं शंभर ग्रॅम मातीचं पाकीट त्याच हिशेबाने चार रुपयांना. 'शंभराच्या आत' ही तुझी अट या हिशेबावर लावलीस तर ट्यूबही यादीत येईल आणि पेज जास्त कामाचं होईल.

काळ्या रंगाचे पील-ऑफ मास्क मला पटत नाहीत. ओढताना लव निघते, डोळ्यांत पाणी येतं. नाकावरचे जे ठिपके निघाले म्हणून आपण खूश होतो, ते बहुतेक वेळा तेलग्रंथींच्या तोंडाशी साचलेलं नेहमीचं तेल असतं. ते काही दिवसांत पुन्हा भरतं, आणि भरायलाच हवं.

विकत घेताना पाकीट उलटं करून बघ. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी इतकं हवंच. यादीत जे आधी लिहिलंय ते जास्त असतं. तेव्हा पुढच्या बाजूला केशराचं मोठं चित्र आणि यादीत केशर शेवटून दुसरं, हा तुझ्या एका पोस्टचा विषय झाला! बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक लागतो. सगळं कोरियनमध्ये, त्यावर आयातदाराचा साधा स्टिकरही नाही, असं रस्त्यावरच्या टेबलावर पन्नासला दोन मिळालं तरी घेऊ नकोस. बिनलेबलच्या डबीतली गोरं करणारी नाइट क्रीम तर फुकट दिली तरी नको. अशा डब्यांत पारा सापडल्याची उदाहरणं आहेत.

आईच्या बेसन-हळदीत वावगं काही नाही, फक्त चोळायचं नाही. वाळलेलं बेसन गालावर घासलं की आधीच चिडलेली त्वचा आणखी चिडते. हळद चिमूटभर पुरे, नाहीतर ओढणीसकट सगळं पिवळं. स्वयंपाकाच्या सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, म्हणून घरी दळलेली असेल तर उत्तम. त्यात साय घालायची तर ती तुझ्या पुरळावर नको, आईच्या कोरड्या त्वचेला चालेल. खरं तर आईलाच पेजवर घे. पन्नाशीच्या कोरड्या त्वचेवर फारसं कुणी मराठीत लिहीत नाही.

आता फोटो.

गूगल फोटो देत नाही, कुठे आहे ते दाखवतं. तिथे दिसलेला फोटो कुणाचा तरी असतो, आणि त्यावर वॉटरमार्क नसला, खाली नाव नसलं तरी तो त्याचाच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोला फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं संरक्षण आहे आणि नोंदणी केली नाही तरी ते लागू होतं. 'क्रेडिट टू ओनर' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. मैत्रिणीला सांग, उलट आपल्याला ठाऊक होतं की फोटो दुसऱ्याचा आहे, हे आपणच लिहून देतो.

फुकट आणि रीतसर फोटोंसाठी अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या तीन ठिकाणी आधी शोध. तिथले फोटो व्यवसायासाठीही वापरता येतात, नाव देणं सक्तीचं नाही, दिलंस तर चांगलं. दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे निकालांच्या वर किंवा मधे पैसे मागणाऱ्या दुसऱ्या साइटचे फोटो जाहिरात म्हणून दिसतात. अनस्प्लॅशचे स्वतःचेही काही फोटो वर्गणीदारांपुरते असतात. दुसरं, 'रॉयल्टी-फ्री' हा शब्द. त्याचा अर्थ एकदा पैसे भरले की प्रत्येक वापराला पुन्हा भरायचे नाहीत. फुकट असा नाही.

विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसाठ्यात, नाशिकचं बरंच सापडेल : रामकुंड, पांडवलेणी, गोदाघाट. पण तिथे प्रत्येक फोटोचा परवाना वेगळा. फोटोखाली क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याची अक्षरं असतात ती वाचायची. 'बीवाय' असेल तर फोटोग्राफरचं नाव आणि परवाना लिहायचाच. 'एसए' असेल तर फोटोत बदल करून केलेलं तुझं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. आणखी दोन अक्षरजोड्या कॉमन्सवर चालत नाहीत, पण इतर साइटवर दिसतील. 'एनडी' म्हणजे त्यात फेरफार करून टाकायचं नाही. आणि 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही. तू फुकटचे बॉक्स घ्यायला लागलीस की तुझं पेज धंद्याच्या बाजूला झुकतं, म्हणून 'एनसी'च्या वाट्याला जाऊच नकोस. 'सीसी झीरो' असेल तर निर्धास्त घे. ओपनव्हर्स नावाचा शोध आहे, तो अशा खुल्या परवान्याचे फोटो बऱ्याच ठिकाणांहून एकत्र दाखवतो. गूगलच्या चित्रशोधातही टूल्समध्ये जाऊन वापराच्या हक्कांची चाळणी लावता येते, तरी मूळ पानावर जाऊन परवाना डोळ्यांनी बघायचा.

शोधताना 'फेस मास्क' टाकलंस तर कोरोनातले निळे मास्क घातलेली सगळी दुनिया समोर येते. इंग्रजीत 'क्ले मास्क', 'मड मास्क', 'शीट मास्क' टाक. बेसनाला 'ग्रॅम फ्लोअर', मुलतानी मातीला 'क्ले पावडर', हळदीला 'टर्मरिक'. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवलेल्या गोऱ्या बायका तिथे ढिगाने मिळतात आणि सगळ्या पेजेसवर त्याच असतात. (तुझं टोपणनाव त्यावरूनच घेतलंयस ना?) आपल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांचे फोटो त्या मानाने कमी. म्हणून माणसं सोड, वस्तू घे : वाटी, ब्रश, माती, टॉवेल, दही.

आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुझ्या जुन्या पोस्ट मी बघितलेल्या नाहीत, पण पत्रात तू लिहिलंयस की 'रिझल्ट' दाखवायला तू मॉडेलचा फोटो लावतेस. ते थांबव. हे म्हणजे शेजारणीची मार्कशीट दाखवून आपण पास झाल्याचे पेढे वाटणं झालं. फुकट फोटोंच्या साइट्सची अटसुद्धा हीच आहे की फोटोतली व्यक्ती एखाद्या मालाची शिफारस करतेय असं भासवायचं नाही. मॉडेलच्या चेहऱ्याखाली 'मुरूम असलेली त्वचा' असं लिहिणंही बसत नाही. तेव्हा विषयाची ओळख करून द्यायला, मुखपृष्ठाला, घटक दाखवायला उसना फोटो चालेल. मास्कचं पाकीट, त्याचा पोत आणि चेहऱ्यावर काय झालं, हे मात्र तुझ्याच मोबाइलचं हवं. कंपनीच्या साइटवरचा पाकिटाचा फोटोही उचलू नकोस, तो कंपनीचा आहे. पाकीट तुझ्या हातात आहे, काढ की फोटो.

त्यासाठी कॅमेरा लागत नाही. सकाळी खिडकीपाशी बस, थेट ऊन नको, ट्यूबलाइट बंद. उजेड एका बाजूने येत असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरा ड्रॉइंग पेपर किंवा धुतलेला पांढरा टॉवेल धर, सावली कमी होते. आधीचा आणि नंतरचा फोटो त्याच जागी, त्याच वेळी, तितक्याच अंतरावरून. ब्यूटी फिल्टर बंद, आणि काही मोबाइलमध्ये तो आपोआप चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन बघ. काही फरक दिसला नाही तर तसंच टाक. आईचा फोटो टाकणार असशील तर तिला विचारून, आणि कुठला टाकतेयस तो दाखवून.

घेतलेल्या प्रत्येक फोटोची एक वही ठेव : कुठून घेतला ती लिंक, फोटोग्राफरचं नाव, तारीख, आणि परवाना दिसतोय असा स्क्रीनशॉट. फुकट साइटवर कुणीतरी दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून चढवलेला असू शकतो. शंका आली तर गूगल लेन्स किंवा टिनआयवर टाकून तोच फोटो आधी कुठे आलाय ते बघ.

तुझ्या फोटोवाल्याचं असं कर. फोटो पेजवरून आत्ताच काढून टाक. मग त्याला साध्या इंग्रजीत चार ओळी लिही की मी विद्यार्थिनी आहे, फोटो काढून टाकला आहे, त्यातून काही कमाई झालेली नाही, झालं त्याबद्दल माफ करा. 'मला माहीत नव्हतं' यावर पानभर लिहीत बसू नकोस. पैशांचा विषय पुन्हा काढला तर फोटो त्याचाच असल्याचा पुरावा माग, त्याने पाठवलेल्या कुठल्याही लिंकवर पैसे भरू नकोस, अशा नावाने फसवणारेही असतात. खरे असतात त्यांतलेही बरेच जण फोटो काढून टाकला की विषय सोडतात. सोडला नाही आणि रीतसर नोटीस आली, तर घरी सांग आणि वकिलाला विचारून मगच उत्तर दे. मेसेज डिलीट करून गप्प बसू नकोस. आणि हो, बाकीच्या पोस्टमधले गूगलवरून घेतलेले फोटोही आजच काढून टाक.

राहिली ती कंपनी. बॉक्स घ्यायला हरकत नाही. पण जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआयने २०२१ पासून सांगितलंय की माल फुकट मिळाला असेल तरी पोस्टवर तसं ठळक लिहायचं, आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तेच बजावलंय. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवून चालत नाही. त्यांना एवढंच कळव : 'मास्क पाठवा. पाकिटावर परवाना क्रमांक आणि तारीख असेल तरच वापरेन. दोन-तीन आठवडे लावून बघेन. फुकट मिळाला हे पोस्टच्या पहिल्या ओळीत मराठीत लिहीन. चांगला वाटला तर चांगला, पुरळ आलं तर पुरळ आलं असं लिहीन. आधी वाचायला मिळणार नाही. मंजूर असेल तर पत्ता देते.'

पत्ता घरचा देऊ नकोस, कॉलेजजवळच्या ओळखीच्या दुकानाचा दे.

— ताई